थंडीभर बाइक उघड्यावर ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेज नाही, शेड नाही आणि १०० ते २०० सीसीची बाइक थंडीचे दोन-चार महिने आभाळाखालीच उभी राहणार आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. दिलेले आकडे या आकाराच्या गाड्यांना साधारणपणे लागू पडतात. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचं ऐका.

थंडीने गाडीचं नेमकं काय बिघडतं?

नुसत्या थंडीने फारसं काही नाही. कोरडी थंडी लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, ऑइल, रबर सगळ्यांना सोसते. बिघाड करतो तो ओलावा. उघड्या आभाळाखाली धातू रात्री आसपासच्या हवेपेक्षाही गार होतो आणि सकाळी दमट हवा त्याला लागली की तिच्यातलं पाणी त्यावर साचतं: इंजिनच्या केसिंगवर, पुढच्या फोर्कच्या दांड्यांवर, टाकीच्या आत, वायरिंगच्या जोडांत. म्हणून सर्वांत वाईट दिवस कडाक्याच्या थंडीचा नसतो. आठवडाभराच्या गारठ्यानंतर एकाएकी उबदार, दमट हवा सुटते तो दिवस वाईट. त्या दिवशी थंडगार इंजिनवरून पाण्याचे ओघळ येताना दिसतात.

ओलावा येणारच, तो थांबवता येत नाही. त्याला बाहेर जायला वाट ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि खालचे बहुतेक सल्ले त्यासाठीच आहेत.

किती दिवस उभी राहणार असेल तर ही सगळी तयारी करायची?

दोन-तीन आठवड्यांसाठी एवढा खटाटोप नको. धुवा, कोरडी करा, चेनला ऑइल द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, कव्हर घाला. महिना-दीड महिन्याच्या पुढे जाणार असेल तर पेट्रोल, कार्ब्युरेटर आणि बॅटरीकडे लक्ष द्यावंच लागतं. तीन महिन्यांच्या पुढे इथलं सगळं करा, सिलिंडरमध्ये ऑइल टाकण्यासकट.

जागा कशी निवडावी?

गवत आणि मोकळी माती टाळा. जमिनीतून वाफ वर येत राहते आणि कव्हरखाली कोंडते, शिवाय ओल्या मातीत स्टँड रुततो. काँक्रीट किंवा फरशी उत्तम. मातीशिवाय जागाच नसेल तर खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर लाकडी फळ्या टाका आणि गाडी फळ्यांवर घ्या. कागद किंचित उतरता ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी त्यावरच तळं करून बसेल.

भिंतीचा आडोसा चांगला, पण छपराची पागोळी जिथे पडते ती रेघ सोडून. झाडाखाली नको: पाऊस थांबल्यावरही तिथे तासन्‌तास थेंब गळत राहतात, चीक पडतो आणि पक्ष्यांची विष्ठा रंग खाते. दुपारी थोडं ऊन आणि हवेची झुळूक मिळणारा कोपरा सावलीतल्या बंदिस्त बोळापेक्षा बरा.

कव्हर कोणतं घ्यावं? ताडपत्री चालेल का?

गाडीभोवती आवळून बांधलेली ताडपत्री हा सर्वांत वाईट पर्याय आहे. कव्हरच नसलेली गाडी पावसात भिजते आणि वाऱ्यावर वाळते, ताडपत्रीतली गाडी भिजते आणि ओलीच राहते. दोन महिन्यांनी ताडपत्री उघडल्यावर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड, नटबोल्टांच्या डोक्यांवर लाल गंज आणि सीटच्या शिवणीत बुरशी दिसते ती यामुळेच.

कव्हर पाणी अडवणारं पण हवा जाऊ देणारं हवं. घेताना तीन गोष्टी बघा. वरच्या बाजूला, शक्यतो आरशांच्या खाली, झाकण असलेली हवेची छिद्रं. आतून मऊ अस्तर, निदान टाकी आणि काचेच्या जागी. आणि पोटाखालून बांधायचा पट्टा. लांबी अशी की खालची कड चाकाच्या अ‍ॅक्सलच्या खाली यावी, पण जमिनीला टेकू नये. जमिनीला टेकणारं कव्हर खालची हवा बंद करतं आणि चिखलातलं पाणी वर शोषतं, म्हणून १० ते १५ सेंटिमीटर फट राहू द्या.

आमच्या मते सर्वांत चांगली आणि स्वस्त सोय दोन थरांची: गाडीवर हवा खेळणारं साधं कव्हर आणि त्याच्या वर २०-३० सेंटिमीटर अंतर ठेवून, दोऱ्या किंवा बांबूंच्या आधाराने, उतरती ताणलेली ताडपत्री. ताडपत्री छपराचं काम करते, गाडीला शिवत नाही, आणि मधून वारा वाहत राहतो. ताडपत्रीची खरी जागा तीच.

आतून जुनी चादर किंवा ब्लँकेट गुंडाळू नका. कापड ओल धरतं आणि ती रंगाला चिकटून राहते. हँडलची टोकं, आरसे, पायदान, क्लच लीव्हर अशा ठिकाणी कव्हर आधी फाटतं, तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून ठेवा. चालवून आणलेल्या गाडीवर लगेच कव्हर टाकू नका. सायलेन्सर हाताला गार लागेपर्यंत, म्हणजे तासभर, थांबा. एरवी कव्हर वितळून सायलेन्सरला असं चिकटतं की खरवडून काढावं लागतं.

कव्हरखाली ओलावा शोषणाऱ्या पुड्या किंवा बल्ब ठेवला तर?

पुड्यांचा उघड्यावर उपयोग नाही. कव्हरखाली सतत नवी हवा येते आणि पुडी दोन दिवसांत भरून जाते. सीटखालच्या बंद कप्प्यात ठेवल्यात तर थोडा फायदा आहे. पेट्रोलच्या टाकीजवळ कव्हरखाली पेटता बल्ब किंवा हीटर मात्र कधीही नको, आग लागू शकते.

धुवायलाच हवी का? थंडीत धुतलं तर उलट गंज येणार नाही का?

धुवायलाच हवी. चिखल आणि धूळ स्पंजसारखं पाणी धरून ठेवतात आणि त्याखाली गंज निवांत पसरतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागात, किंवा समुद्राजवळ, तर हे काम चुकवून चालणारच नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे मीठ लागलेला भाग वरून कोरडा दिसला तरी ओला असतो.

मीठ काढायला थंड पाणी वापरा. गरम पाण्याने गंजाची क्रिया वाढते. आधी भरपूर पाण्याने सैल घाण जाऊ द्या, मग गाडी धुण्याचा शाम्पू, मग पुन्हा पाणी. भांडी घासायचा साबण नको, काहींत मीठ असतं. प्रेशर वॉशरची धार चाकाचे बेअरिंग, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), चेनच्या कड्या आणि वायरिंगच्या जोडांपासून लांब ठेवा, ती ग्रीस बाहेर ढकलते आणि पाणी आत बसवते. इंजिनच्या फिन्समध्ये, पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, वरच्या खळग्यात ब्रश फिरवल्याशिवाय घाण निघत नाही.

फडक्याने पुसून झाल्यावर २० मिनिटं गाडी चालवा. फडकं पोचत नाही त्या फटींतलं पाणी इंजिनच्या उष्णतेने जातं आणि ब्रेकही वाळतात. याच फेरीत पेट्रोल भरून आणता येतं.

टाकी पूर्ण भरून ठेवावी की रिकामी?

पत्र्याची टाकी असेल तर भरून. अर्ध्या टाकीत उरलेल्या हवेत दमटपणा असतो, रात्री तो पत्र्याच्या आतल्या बाजूला धरतो आणि पेट्रोलच्या पातळीच्या वर तांबूस गंज सुरू होतो. हाच गंज पुढे कॉकच्या जाळीत आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत) जाऊन बसतो.

भरून म्हणजे काठोकाठ नव्हे. पेट्रोल १० अंश तापमानवाढीला जवळपास १ टक्का फुगतं. १० लिटरची टाकी पहाटेच्या गारठ्यातून २० अंशांनी तापली तर सुमारे २०० मिलिलिटर जास्तीचं पेट्रोल जाणार कुठे? म्हणून झाकणाच्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंतच भरा.

पेट्रोल शिळं होतं हेही लक्षात घ्या. त्यातले पटकन पेटणारे हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट राळ उरते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यात हवेतलं पाणीही शोषतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, थंडीत त्याहूनही कमी. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमकं जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथे. मग कितीही किका मारा, गाडी दाद देत नाही.

दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर फ्यूएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध, घाला. प्रमाण बाटलीवर असतं. आधी स्टॅबिलायझर, मग वरून पेट्रोल, म्हणजे ते आपोआप मिसळतं. त्यानंतर गाडी १० मिनिटं चालवायलाच हवी, नाहीतर औषध टाकीतच राहतं आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल. आधीच शिळं झालेलं पेट्रोल स्टॅबिलायझरने ताजं होत नाही, म्हणून ताज्या पेट्रोलमध्येच घाला.

टाकीच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी वाहून जायला एक बारीक भोक आणि नळी असते. ती मातीने बुजली की पाणी झाकणापाशी तुंबतं आणि टाकीत झिरपतं. भोकात थोडं पाणी ओता, ते गाडीच्या खालून आलं पाहिजे. येत नसेल तर मऊ तारेने मोकळं करा. ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि उघड्यावरच्या गाडीच्या टाकीत पाणी जातं ते बहुधा इथूनच.

कार्ब्युरेटर रिकामा कसा करायचा?

इंजिन बंद आणि गार हवं. जवळ विडी-काडी नको. कॉक ‘ऑफ’वर करा. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीला, म्हणजे फ्लोट चेंबरला, एक ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची बाटली धरा आणि स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा. काही चमचे पेट्रोल येतं. बाटली उजेडात धरून बघा: तळाशी पाण्याचे गोळे किंवा तांबडी पूड दिसली तर टाकीची तपासणी आत्ताच करून घ्या. स्क्रू परत बसवताना जोर लावू नका, पितळेचे आटे लगेच जातात.

कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणं हा सोपा मार्ग आहे, पण अपुरा. वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतंच आणि तेच वाळून पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारं जेट, बुजवतं. त्या जेटचं भोक केसाएवढं असतं.

कॉक बंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे. फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) नीट बसली नाही तर महिनाभरात टाकीतलं पेट्रोल थेंबाथेंबाने इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात.

इंजेक्शनची गाडी असेल तर?

त्यात कार्ब्युरेटरच नसतो, त्यामुळे ड्रेन करण्यासारखं काही नाही. टाकी भरा, स्टॅबिलायझर घाला, १० मिनिटं चालवा. टाकी कोरडी पडेपर्यंत मात्र चालवू नका. पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो.

ऑइल आत्ता बदलावं की थंडी संपल्यावर?

आत्ता. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहू नये. इंजिन गरम करून काढा, म्हणजे गाळ सोबत निघतो. या आकाराच्या बहुतेक इंजिनांत पाऊण ते सव्वा लिटर ऑइल बसतं. नवं भरल्यावर पाच मिनिटं इंजिन चालवा, सगळ्या भागांवर थर बसेल. थंडीनंतर पुन्हा बदलायची गरज नाही, फक्त पातळी बघा आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का ते हुंगा.

सिलिंडरमध्ये ऑइल टाकतात ते कसं?

तीन महिन्यांच्या पुढे गाडी थांबणार असेल तर हे जरूर करा, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटत नाहीत. किल्ली बंद ठेवा. स्पार्क प्लगच्या भोवतालची माती आधी फुंकून काढा, मग प्लग खोला. भोकातून ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा, इंजिन ऑइल सोडा. जास्त नको. भोकावर फडकं धरून सावकाश चार-पाच किका मारा. प्लग आधी हाताने पूर्ण आवळा, मग पान्ह्याने. जुना वॉशर असेल तर पान्ह्याने जेमतेम अष्टमांश फेरा पुरतो. पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं निळसर-पांढरा धूर येईल, तो याच ऑइलचा.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवलं तर बरं ना?

नाही. हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे आणि त्याने गाडीचं नुकसानच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर आणि ऑइल तेवढं तापत नाही, पाणी आतच राहतं. सायलेन्सर आतून कुजतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. बॅटरीचंही तेच: सेल मारायला जेवढी वीज जाते तेवढी पाच मिनिटांच्या मंद आयडलिंगमध्ये भरून निघेलच असं नाही.

चालू करायचीच असेल तर २५-३० मिनिटं रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर हात लावू नका.

बॅटरी काढून घरात न्यावी का?

हो. बाहेर ठेवायच्या गाडीसाठी हे एक काम केलंत तरी अर्ध्या अडचणी टळतात. काढताना आधी उणे टोक, मग अधिक. बसवताना आधी अधिक, मग उणे. उलट केलं आणि अधिकच्या टोकावरचा पान्हा चेसिसला लागला तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते.

पूर्ण चार्ज असलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे १०च्या आतबाहेर गोठते, कारण चार्ज उतरला की आत जवळजवळ पाणीच उरतं. गोठली की प्लेटा वाकतात, पेटी तडकते. तडकलेली किंवा फुगलेली बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका.

कुठल्याही साध्या मल्टिमीटरने तपासता येतं. चार्जर काढून काही तास झाल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास आलं तर भरलेली, १२.४ म्हणजे चार्जिंगला लावा, १२ म्हणजे उशीर होतोय. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा: ५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला अर्धा अँपिअर. मोटारीच्या बॅटरीचा दणकट चार्जर या लहान बॅटरीला लावला तर ती तापते आणि पाणी उडतं. पूर्ण झाल्यावर आपोआप मंद होणारा चार्जर असेल तर निर्धास्त लावून ठेवा. नसेल तर महिन्यातून एकदा चार्ज करून काढा. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

लिथियम बॅटरीचे नियम वेगळे. तिला तिचाच चार्जर हवा आणि शून्य अंशांच्या खाली ती चार्ज करायची नाही.

बॅटरी गाडीतच ठेवणं भाग असेल तर उणे टोक सोडून ठेवा. अलार्म किंवा ट्रॅकर अवघे ५ मिलिअँपिअर ओढत असला तरी दिवसाला ०.१२ एएच होतात, म्हणजे ५ एएचची बॅटरी सहा आठवड्यांत कोरडी. आणि बॅटरी काढलेली असताना किक मारून गाडी चालू करू नका, व्होल्टेज चढून बल्ब आणि रेग्युलेटर जाऊ शकतात.

टायर आणि स्टँडचं काय?

डबल स्टँड असेल तर त्यावरच. मागचं चाक उचललेलं राहतं, पुढचं महिन्यातून एकदा पाव फेरा फिरवा म्हणजे एकाच जागी चपटं होत नाही. साइड स्टँडच असेल तर त्याखाली फळीचा तुकडा द्या आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. हवा पुस्तिकेत दिलेली पूर्ण भरा. ३० पीएसआयच्या टायरमध्ये दर ६ अंश थंडीला सुमारे १ पीएसआय कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा मोजा. टायरवर चकाकीची पॉलिश नको, पहिल्याच वळणावर घसराल.

चेन आणि केबल?

चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करा, कोरडी पुसा, मग आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर चेन ल्यूब किंवा गिअर ऑइल सोडा. चाक हाताने फिरवत दोन पूर्ण फेरे. इंजिन चालू ठेवून हे काम करू नका, बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. फवाऱ्याने पाणी हटवणारे स्प्रे चेनला वंगण म्हणून पुरत नाहीत, ते आठवड्यात उडून जातात.

क्लचच्या केबलमध्ये वरून पातळ तेलाचे काही थेंब सोडा. केबलमध्ये शिरलेलं पाणी गोठलं की क्लच दगडासारखा लागतो.

ब्रेक जाम होऊ नयेत म्हणून काय करायचं?

हँडब्रेक किंवा लीव्हरचं लॉक लावून ठेवू नका, ड्रमला लायनिंग चिकटतं. चाक सरकू नये म्हणून खाली ठोकळा लावा. डिस्कवर उघड्यावर तांबूस थर येतोच, तो पहिल्या पाच-सहा ब्रेकांत जातो. त्याच्या भीतीने डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारू नका. पॅडने तेल प्यायलं की ते बदलण्याशिवाय उपाय नाही. ब्रेकचं द्रव हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या.

रंग, क्रोम आणि फोर्क?

रंगाला मेणाचा एक हात द्या. क्रोम आणि उघड्या धातूवर सिलिकॉन स्प्रे किंवा पातळ तेलाचा हलका थर चालतो. सर्वांत जास्त जपा पुढच्या फोर्कचे चकचकीत दांडे, त्यातही ऑइल सीलच्या वरचा वीतभर भाग. तिथे टाचणीच्या टोकाएवढा जरी गंजाचा खड्डा पडला तरी प्रत्येक धक्क्याला त्याची कड सीलच्या ओठावरून जाते. सील फाटतं, फोर्कचं ऑइल गळतं आणि ते थेट ब्रेकवर येतं. दांडे स्वच्छ पुसून तेलाचं बोट फिरवा, दर महिन्याला पुन्हा.

उंदरांपासून कसं वाचवायचं?

उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. एअर फिल्टरचा डबा हे त्यांचं आवडतं घर, आणि घरासाठी लागणारा कागद-फोम फिल्टरचाच. फिल्टरच्या तोंडावर आणि सायलेन्सरच्या टोकावर ५ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेनलेसची जाळी तारेने बांधा. सायलेन्सरमध्ये चिंधी किंवा बोळा कोंबू नका, ओल आत अडकते. जाळी लावली की हँडलला लाल चिठ्ठी बांधून ठेवा: ‘जाळी काढा’. सीटखाली खाण्याच्या वस्तू राहिल्या असतील तर काढा.

पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर?

कूलंट बघा. नुसतं पाणी असेल तर गोठताना फुगून इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. अँटिफ्रीझ आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं की उणे ३५च्या आसपासपर्यंत चिंता नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना हा प्रश्नच नाही.

कुलूप आणि चोरीचं काय?

साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसमधून घेऊन जमिनीत किंवा भिंतीत पक्क्या केलेल्या कडीला बांधा. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, जमिनीचा आधार मिळाला की ती तोडणं सोपं जातं. कुलपाचं तोंड खाली करा आणि आत कुलपाचं पातळ तेल किंवा ग्राफाइट पावडर घाला. दोन्ही एकदम नको, लगदा होतो. गोठलेल्या कुलपावर गरम पाणी ओतलं तर ते पाणी काही मिनिटांत पुन्हा गोठतं. त्यापेक्षा किल्ली हातात धरून गरम करा.

बर्फ पडला किंवा वादळ आलं तर?

ओला बर्फ जड असतो, कव्हरवर साचला तर गाडी आडवी करू शकतो. मऊ झाडूने वरून खाली लोटा, फावडं लावू नका. वाऱ्यात सैल कव्हर शिडासारखं फुगतं आणि फडफडून टाकीचा रंग घासतं, म्हणून पोटाखालचा पट्टा आणि दोन्ही चाकांपाशी एकेक दोरी. मोठ्या वादळाचा इशारा असेल तर कव्हर काढून ठेवणंच शहाणपणाचं. भिजलेली गाडी वाळते, पडलेल्या गाडीचा लीव्हर तुटतो.

मधल्या काळात काय बघायचं?

महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, दुपारी कव्हर काढून गाडी दोन तास उघडी ठेवा. तेवढ्यात टायरची हवा मोजा, चाक फिरवा, क्लच आणि ब्रेकचे लीव्हर दहा-वीस वेळा दाबा, फोर्क पुसा, सीटखाली उंदराच्या लेंड्या दिसतात का ते बघा, खाली पेट्रोल-ऑइलचा डाग नाही ना ते तपासा. दमट उबदार वारा सुटला की त्या आठवड्यात एक फेरी जास्तीची.

पुन्हा सुरू करताना क्रम कोणता?

चिठ्ठी वाचा, जाळ्या काढा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. चार्ज केलेली बॅटरी बसवा. ऑइलची पातळी, टायरची हवा, चेनचा ताण, दिवे, दोन्ही ब्रेक. क्लच दाबून, इंजिन बंद ठेवून, गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे-मागे ढकला. थंडीभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. त्या सुटल्या नाहीत आणि तसाच गिअर टाकला तर गाडी पुढे उडी मारते.

कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, फ्लोट चेंबर भरू द्या. किल्ली बंद ठेवून आठ-दहा किका मारा, ऑइल वर चढतं. मग चोक ओढून सुरू करा आणि तापेपर्यंत रेस करू नका. पहिले १० किलोमीटर हळू, ब्रेक अंदाज घेत.

सगळं केलं, तरी चालू होत नाही. आता?

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा झणझणीतपणा जाऊन रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत असेल तर पेट्रोल काढून नवं भरा. वास ठीक असेल तर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉकची जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र, फ्लोटची सुई या क्रमाने बघा. ओला असेल तर पुसा, कॅपमध्ये बसवा, सिलिंडरच्या भोकापासून लांब इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारून ठिणगी बघा. भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून अंतर ठेवाच. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग कॅप आणि किल-स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), ज्याच्यात पाणी शिरून हिरवट थर धरलेला असू शकतो.

चालू होते पण चोक सोडला की बंद पडते, असं असेल तर पायलट जेट बुजलंय. कार्ब्युरेटर खोलून जेट काढा, कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेने फुंका. उजेडात धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी आयडलिंग कायमचं बिघडतं आणि मग नवं जेट घेण्याशिवाय इलाज राहत नाही.